जनुक नंतर, आधी पानातून कोंब काढून दाखवा

प्रयोगशाळेत नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: सफरचंदात रोग रोखणारं कोणतं जनुक घालायचं? मी सांगते, जनुक राहू दे बाजूला. आधी पानाच्या तुकड्यातून कोंब काढून दाखव. ते जमत नसेल तर पुढचं सगळं फुकट.

सफरचंदावर स्कॅब, म्हणजे डाग पाडणारा रोग, येतो तो व्हेंच्युरिया इनइक्वालिस बुरशीमुळे. मालस फ्लोरिबुंडा या जंगली सफरचंदातलं आरव्हीआय६ हे जनुक तिला ओळखतं. संकर करून ते आणायचं तर पिढ्यान्‌पिढ्या जातात आणि वाणाची मूळ चव निसटते, म्हणून थेट घालायचं.

बाटलीत निर्जंतुक माध्यमावर वाढवलेल्या रोपाची वरची, नुकती उलगडलेली पानं घ्या. मधल्या शिरेवर दोन-तीन आडवे काप द्या, पान तुटू देऊ नका. ॲग्रोबॅक्टेरियम हा झाडाच्या पेशीत जनुक पोचवणारा जिवाणू; त्याच्या द्रावणात काही मिनिटं बुडवून निर्जंतुक कागदावर नीट टिपा. ओल राहिली तर दोन दिवसांत पानावर जिवाणूंची साय चढते. दोन-तीन दिवस अंधारात ठेवा, मग सेफोटॅक्झिम (जिवाणू मारायला) आणि कानामायसिन (जनुक न घेतलेल्या पेशी रोखायला) घातलेल्या माध्यमावर हलवा. सुरुवातीचे आठवडे अंधारच. पानं पिवळी पडतील, टाकून देऊ नका. कापाच्या कडेला मोहरीएवढी फिकट गाठ दिसेल, तिची वाट बघा, कोंब तिथूनच फुटतो.

पीसीआरमध्ये, म्हणजे जनुक आहे का हे बघायच्या डीएनए चाचणीत, पट्टी आली की लगेच हुरळून जाऊ नका. माझ्या पहिल्या खेपेला अकरा कोंबांत पट्टी आली. त्यातल्या सातांत जनुक नव्हतंच, आत लपलेला ॲग्रोबॅक्टेरियम होता. तेव्हापासून मी जिवाणूच्या स्वतःच्या विर जनुकाचीही चाचणी सोबत लावते. ते झाडात जात नाही, त्यामुळे त्याची पट्टी आली तर जिवाणू अजून तिथेच आहे असं समजा.

आणि बाटल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या सांभाळा! करपा सोसणाऱ्या अमेरिकन चेस्टनटमध्ये गव्हाचं जनुक घातलं होतं. त्यातल्या डार्लिंग ५८ या वंशाची म्हणून वाढवलेली झाडं प्रत्यक्षात डार्लिंग ५४ निघाली, हे २०२३ मध्ये उघड झालं. प्रत्येक बाटली बदलताना दोघांनी नंबर वाचावा.

शेवटी कोंबाचं खुंटावर कलम करून कोवळ्या पानांवर स्कॅबच्या बुरशीचे बीजाणू फवारा, दोन दिवस पानं ओली ठेवा. जून पानं मुळातच दाद देत नाहीत, ती फसवतात. शेजारी जनुक न घातलेलं रोप हवंच. दोन-तीन आठवड्यांत त्यावर मखमली, काळपट-हिरवे डाग आले नाहीत तर चाचणी धरायची नाही. आरव्हीआय६ला पुरून उरणारे बुरशीचे प्रकारही आहेत, त्यांचे बीजाणू वेगळे फवारा. तिथे डाग पडले तर दुसरं जनुक जोडीला घ्यावं लागेल.