प्राचीन रोमचे नकाशे वापरताना या चुका टाळा

रोम शहराचे आणि रोमन साम्राज्याचे नकाशे आज इंटरनेटवर हवे तितके मिळतात. कुणी ते व्याख्यानासाठी उतरवून घेतो, कुणी शाळेच्या प्रकल्पासाठी, तर कुणी इटलीच्या प्रवासाआधी जुने शहर समजून घेण्यासाठी. नकाशा मिळवणे आता कठीण राहिलेले नाही, पण हाती आलेला नकाशा नेमका कोणत्या काळाविषयी बोलतो हे न तपासताच तो वापरला जातो. प्रत्येक ऐतिहासिक नकाशाला किमान दोन तारखा असतात. एक तारीख त्यात दाखवलेल्या काळाची आणि दुसरी तो नकाशा ज्या काळात काढला गेला त्याची. या दोन तारखांची सरमिसळ हे बहुतेक चुकांचे मूळ आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एका शहराच्या नकाशात तीन शतके

‘ऑगस्टसच्या काळातील रोम’ असे शीर्षक असलेल्या नकाशात कलोसियम दिसले, तर तो नकाशा तिथेच बाजूला ठेवावा. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा मृत्यू इ.स. 14 मध्ये झाला आणि कलोसियमचे उद्घाटन इ.स. 80 मध्ये. मधल्या काळात त्या जागी नीरोच्या राजवाड्यातील कृत्रिम तलाव होता. नकाशावरील सर्वांत नवी वास्तू शोधावी, कारण तिच्या आधीचा काळ तो नकाशा दाखवूच शकत नाही. कॅराकालाचे स्नानगृह दिसत असेल तर काळ इ.स. 216 नंतरचा, डायोक्लिशनचे स्नानगृह असेल तर 306 नंतरचा आणि कॉन्स्टंटाइनची कमान असेल तर 315 नंतरचा समजावा.

तटबंदीबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण शहराची बाह्यरेषा म्हणून डोळ्यांत भरते ती तटबंदीच. सुमारे 19 किलोमीटर लांबीची ऑरेलियनची तटबंदी इ.स. 271 ते 275 या काळातील आहे. ज्युलियस सीझर, नीरो किंवा ट्राजन यांच्यापैकी कुणीही ती पाहिलेली नाही, तरी त्यांच्या काळाच्या नावाने फिरणाऱ्या अनेक नकाशांत ती ठळकपणे काढलेली असते. ट्राजनच्या काळात शहराला वापरातला तटच नव्हता, आणि साम्राज्य जोमात असताना राजधानीला तटाची गरज वाटली नाही ही गोष्ट नकाशात भलता तट काढल्याने वाचकापासून लपून राहते. त्याआधीच्या, सुमारे 11 किलोमीटरच्या तटबंदीला परंपरेने सर्व्हिअस टुलिअस या इ.स.पू. सहाव्या शतकातील राजाचे नाव दिले आहे. मात्र आज जे अवशेष दिसतात ते इ.स.पू. चौथ्या शतकातील, गॉल टोळ्यांनी शहर लुटल्यानंतरचे आहेत. ‘राजांच्या काळातील रोम’ या नकाशात हीच तटबंदी छापलेली असेल, तर नकाशाकाराने नावावरून काळ ठरवला आहे.

नावाने चकवणारे दुसरे उदाहरण पँथिऑनचे आहे. दर्शनी भागावर ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याचे नाव कोरलेले असल्यामुळे ही वास्तू ऑगस्टसच्या काळातली वाटते, पण आजची घुमटाची इमारत हेड्रिअनच्या कारकिर्दीत, सुमारे इ.स. 126 मध्ये पुरी झाली. अग्रिप्पाची इमारत त्याच जागी होती, म्हणून ऑगस्टसच्या नकाशात तिथे खूण असणे चूक नाही. चूक आहे ती तिथे गोल घुमट काढण्यात.

रोमच्या संग्रहालयात असलेल्या, इटालो जिस्मोंदी यांनी केलेल्या 1:250 प्रमाणातील प्रतिकृतीची छायाचित्रे सर्वत्र ‘सीझरचे रोम’ म्हणून फिरतात. ती प्रतिकृती कॉन्स्टंटाइनच्या, म्हणजे चौथ्या शतकातील शहराची आहे. सीझर आणि ती यांच्यात साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे.

इ.स. 117 चा लाडका नकाशा

साम्राज्याचा म्हणून जो नकाशा पाठ्यपुस्तकांपासून भिंतीवरच्या तक्त्यांपर्यंत सर्वत्र दिसतो, तो बहुधा इ.स. 117 चा, म्हणजे ट्राजनच्या मृत्यूच्या वर्षाचा असतो. साम्राज्य तेव्हा सर्वांत विस्तीर्ण होते हे खरे आहे, पण आर्मेनिया, मेसोपोटेमिया आणि असिरिया हे प्रांत ताब्यात येऊन जेमतेम एक ते तीन वर्षे झाली होती आणि हेड्रिअनने सत्तेवर येताच ते सोडून दिले. त्यामुळे पर्शियन आखातापर्यंत पसरलेला रंग पाहून ‘रोमन साम्राज्य शतकानुशतके एवढे होते’ असे सांगणे म्हणजे भरतीची एक लाट पाहून समुद्रकिनारा ठरवण्यासारखे आहे. अटकेपार गेलेल्या मराठी सत्तेच्या नकाशांबाबत आपल्याकडेही हाच घोळ होतो. 1758 मधील काही महिन्यांचा विस्तार त्या नकाशांत कायमच्या हद्दीसारखा रंगवलेला असतो.

या नकाशातला एकसारखा रंगही फसवा आहे. एका बाजूला थेट कारभाराखालील प्रांत, दुसरीकडे मांडलिक राजे, तिसरीकडे केवळ गस्त घातली जाणारी वाळवंटाची कड, आणि या सर्वांवर एकच लाल छटा चढवलेली असते. नबातियनांचे राज्य इ.स. 106 मध्ये खालसा झाले, थ्रेस 46 मध्ये. त्याआधीच्या नकाशात ही राज्ये पट्टेरी किंवा फिकट दाखवलेली असावीत. तसे नसेल तर चिन्हसूची वाचावी, आणि चिन्हसूचीच नसेल तर त्या नकाशावर सीमांचा युक्तिवाद उभारू नये. ब्रिटनच्या उत्तरेला हेड्रिअनची भिंत 122 मध्ये सुरू झाली आणि अँटोनाइनची भिंत 142 च्या सुमारास तिच्याही उत्तरेला उभी राहिली, पण पुढच्या दोन दशकांतच ती सोडण्यात आली. दोन्ही भिंती एकाच वेळी सरहद्द म्हणून दाखवणारा नकाशा कोणत्याच वर्षाचा नसतो.

नकाशा कुणी आणि कशासाठी लावला हेही पाहावे. मुसोलिनीच्या राजवटीत 1934 मध्ये मॅक्सेंटिअसच्या बॅसिलिकेच्या बाहेरील भिंतीवर साम्राज्यवाढीचे चार संगमरवरी नकाशे बसवण्यात आले. ते आजही तिथे आहेत आणि पर्यटक त्यांची छायाचित्रे घेतात. 1936 मध्ये त्यांच्या शेजारी पाचवा नकाशा लागला होता, तो फॅसिस्ट इटलीच्या नव्या साम्राज्याचा, आणि युद्धानंतर तो काढून टाकण्यात आला. चौथ्या नकाशाचे वर्ष 117 आहे. तेच वर्ष का निवडले असावे, याचे उत्तर पाचव्या नकाशात सापडते.

नक्कल, पुनर्रचना आणि कल्पना यांना मूळ समजणे

रोमन काळातील शहराचा एकच मोठा नकाशा अंशतः आपल्यापर्यंत पोहोचला आहे. सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसच्या काळात, 203 ते 211 च्या दरम्यान, सुमारे 18 मीटर रुंद आणि 13 मीटर उंच असा संगमरवरी आराखडा 150 शिळांवर कोरून शांतिमंदिराच्या भिंतीवर लावण्यात आला. दुकानांचे गाळे आणि जिने यांसह इमारतींचे तळमजले त्यात आहेत. आज त्याचा साधारण दहा टक्के भाग तुकड्यांच्या रूपात शिल्लक आहे. त्याचे अखंड दिसणारे चित्र कुठेही आढळले, तर मोकळ्या जागा आधुनिक अभ्यासकाने भरल्या आहेत हे लक्षात ठेवावे. काही तुकडे तर हरवलेलेच आहेत आणि केवळ सोळाव्या शतकात काढलेल्या रेखाटनांवरून माहीत आहेत.

साम्राज्याच्या रस्त्यांचा ‘प्यूटिंगर पट’ व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सुमारे पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम 34 सेंटिमीटर उंच अशी ही प्रत इ.स. 1200 च्या आसपास केलेली आहे, म्हणजे ती एका हरवलेल्या प्राचीन नकाशाची मध्ययुगीन नक्कल आहे. तिच्यावर इ.स. 79 मध्ये गाडले गेलेले पाँपेई आहे आणि 330 मध्ये स्थापन झालेले कॉन्स्टँटिनोपलही आहे. एका वर्षाची स्थिती म्हणून तो वाचताच येत नाही. पश्चिमेकडील ब्रिटनचा बहुतेक भाग आणि स्पेन असलेला तुकडा नष्ट झाला आहे. इंटरनेटवरील प्रतींत तो दिसतो, तेव्हा ती कोनराड मिलर यांनी एकोणिसाव्या शतकात केलेली पुनर्रचना असते.

पिर्रो लिगोरिओचा 1561 चा भव्य देखावा आणि पिरानेसीचा 1762 मधील, रोमच्या काम्पो मार्झिओ या भागाचा आराखडा या दोन्ही कलाकृती अप्रतिम आहेत, पण त्यांतील कितीतरी इमारती त्यांच्या कर्त्यांनी नाण्यांवरून, ग्रंथांवरून आणि स्वतःच्या प्रतिभेने उभ्या केल्या आहेत. भिंतीवर लावायला त्यांच्यासारखे नकाशे नाहीत, पुरावा म्हणून मात्र त्यांचा उपयोग नाही.

दिशा, प्रमाण आणि रेखांश

वरची बाजू म्हणजे उत्तर ही सवय जुन्या नकाशांपुढे सोडावी लागते. सेव्हेरसच्या संगमरवरी आराखड्यात आग्नेय दिशा वर आहे. लिओनार्दो बुफालिनीच्या 1551 च्या नकाशातही उत्तर वर नाही. जांबात्तिस्ता नोल्लीने 1748 मध्ये बारा पत्र्यांवर कोरलेल्या नकाशात ती वर आणली, म्हणून नोल्ली आपल्याला ओळखीचा वाटतो. दिशा ठरवताना तायबर नदीच्या वळणात वसलेला काम्पो मार्झिओ शोधावा. तो सापडला की नकाशा कितीही फिरवलेला असला तरी डोके ताळ्यावर येते.

‘प्रमाण 1:10,000’ ही छापील ओळ पडद्यावरच्या चित्राला लागू नसते, कारण चित्र मोठे-लहान केले की ते गुणोत्तर बदलते. प्रमाणपट्टी मात्र चित्राबरोबरच आकसते किंवा वाढते, म्हणून मोजमाप तिच्यावरूनच करावे. ती पट्टी कोणत्या एककात आहे हेही पाहावे, कारण रोमन मैल सुमारे 1.48 किलोमीटरचा आहे आणि इंग्रजी मैल 1.61 किलोमीटरचा. प्यूटिंगर पटावर तर गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) भागात अंतरे मैलांऐवजी सुमारे 2.2 किलोमीटरच्या लीगमध्ये आहेत. त्या पटावरचे अंतर पट्टीने कधीही मोजू नये. रस्त्यावर लिहिलेले आकडे वाचावेत, कारण भूमध्य समुद्राचा ओढा करून टाकणाऱ्या त्या चित्राला प्रमाण असे नाहीच.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय नकाशांत रोमचे रेखांश आजच्यापेक्षा वेगळे दिसले की छपाईची चूक समजू नये. ग्रिनिचपासून रोम सुमारे साडेबारा अंश पूर्वेला आहे. नकाशात ते 30 अंशांच्या आसपास असेल तर मोजणी कॅनरी बेटांपैकी फेरो बेटापासून केलेली आहे, 10 च्या जवळ असेल तर पॅरिसपासून, आणि शून्याच्या जवळ असेल तर रोममधीलच माँते मारिओ टेकडीपासून.

प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचा, परिणाम साम्राज्याच्या नकाशात अधिक जाणवतो. इंटरनेटवरील बहुतेक पायाभूत नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यांत हेड्रिअनच्या भिंतीजवळचा प्रदेश आस्वानच्या परिसराच्या तुलनेत क्षेत्रफळाने जवळजवळ अडीचपट फुगतो. प्रांतांच्या आकारांची तुलना करायची असेल तर समक्षेत्र प्रक्षेपण निवडावे.

खालची जमीन आजची, वरचे शहर जुने

नवख्यांइतकीच जाणकारांकडूनही ही चूक होते. आजच्या समोच्च रेषा आणि किनारा घेऊन त्यांवर प्राचीन वास्तू ठेवल्या की नकाशा सफाईदार दिसतो आणि चुकतो. ऑस्टिया हे समुद्रावरील बंदर होते, तर आज समुद्र तिथून सुमारे तीन किलोमीटर दूर सरकला आहे. 1557 च्या पुरात तायबरने तिथले आपले एक वळणही सोडले. शहरातील नदीचे आजचे सरळ, उंच घाट 1870 च्या पुरानंतर, 1876 पासून बांधले गेले. फोरमजवळची व्हेलिया टेकडी 1932 मध्ये रस्त्यासाठी कापण्यात आली. उलट माँते तेस्ताच्चो ही टेकडी निसर्गाने घडवलेलीच नाही. तेलाच्या फुटक्या रांजणांचा तो ढीग पहिल्या ते तिसऱ्या शतकांत वाढत गेला, त्यामुळे प्रजासत्ताकाच्या काळातील नकाशात ती नसावी.

क्यूजीआयएसमध्ये नकाशा बसत नाही तेव्हा

क्यूजीआयएस या संगणकीय नकाशा-प्रणालीत जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना आधी नियंत्रण बिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांवर जुळवायच्या जागा, तपासावेत. जागा न बदललेल्या गोष्टी निवडाव्यात, उदाहरणार्थ पँथिऑन, ट्राजनचा स्तंभ, मार्कस ऑरेलिअसचा स्तंभ आणि ऑरेलियनच्या तटाचे शाबूत दरवाजे. नदीचा काठ घेऊ नये. स्तंभ दिसला की घ्यावा असेही नाही, कारण सेंट पीटर चौकातील व्हॅटिकनचा ओबेलिस्क 1586 मध्ये तिथे हलवण्यात आला. बुफालिनीच्या नकाशासाठी आजचा ओबेलिस्क बिंदू म्हणून घेतला, तर तो सारा कोपरा ओढला जातो.

दुसरी अडचण अशी की प्रणाली त्रुटी शून्य दाखवते आणि नकाशा तरीही चुकलेला असतो. तीनच बिंदू देऊन पहिल्या घाताचे बहुपदी (अफाइन) रूपांतर केले तर त्रुटी नेहमी शून्यच येते. नकाशा ताणून बसवणारी थिन प्लेट स्प्लाइन पद्धतही दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जाते, त्यामुळे तिथला शून्य हा अचूकतेचा पुरावा नसतो. पंधरा-वीस बिंदू शहरभर पसरून द्यावेत, चार-पाच मुद्दाम बाजूला राखावेत आणि ते किती सरकले ते शेवटी पाहावे. नोल्लीचा नकाशा या परीक्षेत चांगला उतरतो. प्यूटिंगर पटाला ही परीक्षा देण्याचा प्रयत्नही करू नये.

पैठण समुद्राकडे का सरकते

मराठी वाचकाला साम्राज्याच्या या नकाशांत आपली गावे शोधण्याचा मोह होतो आणि तो रास्तही आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात बैठण, तगर, सेमिल्ला आणि सौपारा ही नावे येतात. ती अनुक्रमे पैठण, तेर, चौल आणि सोपारा मानली जातात. बैठणचा राजा म्हणून टॉलेमीने नोंदवलेले नाव सातवाहन राजा पुळुमावीचे आहे. त्याचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे आजच्या नकाशावर टाकले, तर मात्र गावे भलतीकडे जातात. टॉलेमीने पृथ्वीचा एक अंश 500 स्टेडियांचा (स्टेडियम हे ग्रीक अंतरमान), म्हणजे खऱ्यापेक्षा लहान धरला होता, आणि भारताचा पश्चिम किनारा दक्षिणेऐवजी जवळजवळ पूर्वेकडे वळवला होता. शिवाय त्याच्या नावाने छापले जाणारे नकाशे ज्या हस्तलिखितांतून आले, ती सुमारे इ.स. 1300 नंतरची आहेत. केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिसजवळ प्यूटिंगर पटाने ऑगस्टसचे मंदिर दाखवले आहे, म्हणून तिथवर रोमची सत्ता होती असेही मानू नये. ती व्यापाऱ्यांच्या वस्तीची खूण असू शकते, प्रांताची नव्हे.

या गावांसाठी बिंदूंऐवजी क्रम आणि प्रवासाचे दिवस उपयोगी पडतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा समुद्रमार्गांचा ग्रीक ग्रंथ पैठण हे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचे सांगतो. हे दिवस बैलगाडीच्या चालीने मोजून मार्ग आखला, की गोदावरीकाठचे पैठण आपल्या जागी येते आणि तेर त्याच्या आग्नेयेला सापडते.