लग्नाचा व्हिडिओ किती जीबीचा होईल ते आधीच काढा

तासभर कॉम्प्रेस करायचं आणि मग बघायचं तर फाईल अजून मोठीच, असं कशाला करता, साईझ आधीच निघते. दोनच आकडे लागतात, बिटरेट (म्हणजे दर सेकंदाला किती डेटा लागतो) आणि सेकंद. रिझोल्यूशन या हिशोबात येतच नाही, बिटरेट तेवढाच ठेवलात तर फोरके असो की ७२०पी, फाईल तेवढीच होणार.

समजा लग्नविधीचा ४० मिनिटांचा व्हिडिओ आहे, ४८ एमबीपीएसचा (सेकंदाला ४८ मेगाबिट). ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. २४०० गुणिले ४८ भागिले ८, झाले १४,४०० एमबी. ८ नं भागायचं कारण बिटरेट बिटमध्ये असतो आणि फाईल बाइटमध्ये मोजतात, ८ बिट म्हणजे १ बाइट, बरेच जण इथेच चुकतात.

आता उलटं करा. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत फाईल जाते, आपण थोडी जागा सोडून १९०० एमबी धरू. १९०० गुणिले ८ भागिले २४०० म्हणजे साधारण ६.३ एमबीपीएस, आणि यात आवाजपण आला बरं का. म्हणून हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कॉम्प्रेस करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) १०८०पी, एच.२६४ (कॉम्प्रेशनचा प्रकार), अॅव्हरेज बिटरेट ६००० आणि ऑडिओ १६० टाका, हे आकडे केबीपीएसमध्ये असतात, ६००० म्हणजे ६ एमबीपीएस. फाईल १८५० एमबीच्या आसपास येईल. मल्टी-पास नक्की ऑन करा, वेळ जास्त लागतो पण पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळा व्हिडिओ बघून घेतं आणि दुसऱ्या फेरीत जिथे हालचाल जास्त तिथे जास्त बिट देतं.

हे महत्त्वाचं का, तर अक्षता. भटजी मंत्र म्हणतायत, कॅमेरा स्थिर, तिथे बिट फारसे लागतच नाहीत. पण मंगलाष्टकं संपली की शेकडो दाणे एकदम हवेत, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी, आणि कॉम्प्रेशन तर दोन फ्रेममधलं सारखेपण वापरूनच जागा वाचवतं! बिटरेट कमी पडला की नेमके तिथेच नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोन चौकोन दिसतात. म्हणून आधी हँडब्रेकच्या रेंजमध्ये सेकंद निवडून फक्त तेवढा एक मिनिटाचा तुकडा करून बघा.

तिथे चौकोन दिसले तर बिटरेट ८००० करा, फाईल अडीच जीबीच्या आत येते, व्हॉट्सअॅपवर जाणार नाही पण पेनड्राइव्हवर द्या. फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर एक फाईल ४ जीबीपर्यंतच बसते, तिथेही चालून जाईल. एच.२६५ (एच.२६४ च्या पुढचा प्रकार) नं त्याच साईझमध्ये चित्र अजून चांगलं येतं, पण गावाकडच्या जुन्या टीव्हीवर लागेलच असं नाही, आजी-आजोबांना द्यायचा असेल तर एच.२६४ च ठेवा. आणि मूळ फाईल उडवू नका, पुढे कधी वेगळ्या साईझचा लागला तर तिच्यावरूनच करायचा, कॉम्प्रेस केलेल्यावरून परत केला की चित्र अजून खराब होतं.