मंडळाच्या निवडणुकीला उभं राहताय? आधी पावतीपुस्तक बघा

जिल्हा अध्यापक मंडळाच्या, म्हणजे आपल्या शिक्षक संघटनेच्या, अध्यक्षपदासाठी किंवा कार्यवाहपदासाठी (सचिवपदासाठी) पहिल्यांदाच अर्ज भरू पाहणाऱ्या तरुण शिक्षकांसाठी हे लिहितोय. सूचक (उमेदवाराचं नाव सुचवणारा सभासद), अनुमोदक (त्याला दुजोरा देणारा), छाननी, माघार, पॅनल हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. भाषण ठोकायला तर तुम्हाला शिकवायलाच नको. पण मतदार यादी पक्की होते त्याच दिवशी आपली निवडणूक निम्मी आटोपलेली असते, आणि त्या दिवशी तुम्हाला कुणी बोलावत नाही.

बहुतेक मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली असतात. (तुमची संघटना ट्रेड युनियन म्हणून नोंदवलेली असेल, तर पुढचं जसंच्या तसं लागू नाही, तिची घटना काढून वाचा.) या कायद्याचं १५ वं कलम इवलंसं आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजतही नाहीत. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा कुणी वाचत नाही. सभासदच नाही म्हटल्यावर तो सूचक कसला होणार आणि अनुमोदक कसला?

माझा अर्ज बाद झाला तो इथंच. माझी वर्गणी चोख होती. सूचक होते तालुक्यातले एक ज्येष्ठ सर, ज्यांच्या शब्दाला मान आहे असे. त्यांनी वर्गणी तालुका प्रतिनिधीकडे रोख दिलेली, पावती खिशात, तारीख वेळेतली. प्रतिनिधीनं मात्र पावतीपुस्तक आणि रक्कम कोषाध्यक्षांकडे पोचवली ती यादी लागून गेल्यावर. नोंदवहीत सरांच्या नावापुढे लाल शाईत ‘थकबाकी’. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, भला माणूस. त्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सर, पावती खरी आहे हो. पण मला नोंदवही बघूनच निर्णय द्यावा लागतो.” समोरच्या पॅनलमधला एक जण खिडकीशी उभा राहून शेंगदाणे सोलत होता. त्याला हे आधीपासून माहीत होतं असं मला आजही वाटतं. सिद्ध काही करता येणार नाही.

म्हणून एवढं तरी कराच. निवडणुकीची कुणकुण लागायच्या आधी सभासद यादीची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागितलेली यादी ‘देतो देतो’मध्येच राहते. मग तुमचा सूचक आणि अनुमोदक यांच्यापुरत्या चार गोष्टी जुळतात का ते बघा: हातातली पावती, पुस्तकात राहणारी तिची स्थळप्रत, नोंदवहीतली नोंद आणि बँकेतला भरणा. पावतीच्या तारखेवर जाऊ नका, नोंदवहीतली तारीख बघा. वर्गणी ऑनलाइन भरली असेल तर व्यवहार क्रमांक कोषाध्यक्षांना कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा. नुसता पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट कामाचा नाही, कारण पैसे गेले म्हणजे ते तुमच्या नावावर जमा धरले असं होत नाही.

नावंही तपासा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिका नोंदवहीत माहेरच्या नावानं असतात आणि अर्जावर सही सासरच्या नावानं होते. संच मान्यतेत (शाळेची शिक्षकपदं ठरवतात तेव्हा) अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजन झालेल्यांची नावं जुन्याच तालुक्यात पडून असतात. हे सगळं यादीवरच्या हरकतींची मुदत संपायच्या आत दुरुस्त होतं, नंतर होत नाही. आणि घटनेत मनाई नसेल तर निरनिराळे सूचक-अनुमोदक घेऊन दोन अर्ज भरा. लोक हसतील. हसू द्या.

एक शॉर्टकट तुम्हाला हमखास सुचवला जाईल: शंभरेक जणांची थकबाकी आपल्याच खिशातून भरून टाका, मतं पक्की. करू नका. एकाच खात्यातून, एकाच दिवशी आलेली वर्गणी हरकत घेणाऱ्याला आयतीच सापडते, आणि ज्याची वर्गणी तुम्ही भरली तो तुम्हालाच मत देईल हा तर निव्वळ भाबडेपणा.

आता मार्गदर्शकांबद्दल, आणि हे माझं खाजगी मत. ज्यांनी मंडळात एकही पद सांभाळलेलं नाही आणि तरी प्रत्येक निवडणुकीत कुणाला तरी ‘घडवलं’ आहे, त्यांचा चहा प्या, सल्ला घेऊ नका. ते तुम्हाला बॅनर, वाढदिवस आणि व्हॉट्सअॅप ग्रुप यांतच गुंतवतील. ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्यांपैकी किती जण यादीत आहेत हे त्यांनी कधी मोजलेलं नसतं. माजी कोषाध्यक्ष गाठा. तो रुक्ष असतो, तासभर लेखापरीक्षणाचं रडगाणं ऐकवतो, पण कुठल्या तालुक्याचं पुस्तक वेळेवर येत नाही ते त्यालाच माहीत असतं.

आणि पहिल्यांदाच असाल तर अध्यक्षपदाच्या मागे लागू नका. कार्यवाह व्हा. पत्रव्यवहार, इतिवृत्त, सभेची नोटीस सगळं त्याच्या हातून जातं. नागपूर विभागात विधान परिषदेची २०२३ ची शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आठवते ना? विद्यमान आमदार नागो गाणार यांना हरवणारे सुधाकर अडबाले विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सरकार्यवाह होते. अर्थात आमदारकीची शिडी म्हणून मंडळाकडे बघणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही, ते असो.

मतपत्रिकेचंही विचारून ठेवा. शिक्षक आमदार निवडताना आपण पसंतीक्रम लिहितो, तोही केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननं, आणि तिथं बरोबरची खूण केली तर मत बाद. मंडळाच्या निवडणुकीत बहुधा फुली किंवा शिक्का असतो. सवयीनं १, २ लिहिणारे गुरुजी इथंही सापडतात. अधिकाऱ्यांकडून नमुना मतपत्रिका आधी मागून घ्या आणि शाळाशाळांत दाखवा.

प्रचाराची भीती मात्र अजिबात बाळगू नका. राजुऱ्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत कुठंही जा, स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मिळतात आणि प्रश्न ठरलेले असतात. बारा वर्षं झाली, वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण कधी? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या पेन्शनचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं काय? यांतलं बरंचसं जिल्हा मंडळाच्या हातात नाही, आणि तसं सरळ सांगितलं तर शिक्षक रागावत नाहीत. वेतन पथकात (शिक्षकांची बिलं काढणाऱ्या सरकारी कार्यालयात) अडकलेल्या वैद्यकीय बिलाचा पाठपुरावा करीन एवढंच म्हणा, आणि करा. खोटी आश्वासनं ऐकून सगळे कंटाळले आहेत. तुम्ही नवखे आहात हीच तुमची जमेची बाजू.

निवडून आलात तर काम तिथंच संपत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणीतला बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) तुमची नावं चढेपर्यंत बँक सह्या बदलून द्यायला कुरकुर करते, आणि जुन्या कार्यकारिणीतला कुणीही हरकत घेऊन प्रकरण लांबवू शकतो. अर्ज भरण्याआधीच परिशिष्ट १ ची नक्कल काढून बघा. तिथं मागच्या मागच्या कार्यकारिणीचीच नावं असतील, तर जुनं प्रकरण प्रलंबित आहे असं समजा आणि एखादा वकील आधीच गाठा.

निकालाच्या दिवशी फटाक्यांच्या आधी सगळ्या नव्या सदस्यांच्या संमतीपत्रांवर सह्या घ्या. सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीपट आणि इतिवृत्त यांच्या प्रती त्याच संध्याकाळी एका फायलीत लावा. जमलं तर हरलेल्या पदाधिकाऱ्यांकडून ना-हरकतही तेव्हाच मागा. त्या दिवशी ते जरा ओशाळलेले असतात, पटकन सही करतात. आठवड्यानं फोन उचलत नाहीत.