कासव घरी आणण्याआधी: पावसाळी कोकणासाठी तयारीची यादी

पेटीच्या आधी कागद. आपल्याकडे समुद्रातलं, विहिरीतलं आणि रानातलं, सगळ्यांना कासव हा एकच शब्द आहे, त्यामुळे घोटाळा इथूनच सुरू होतो. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते म्हणून पाठीवर चांदण्या असलेलं तारांकित कासव लपूनछपून विकलं जातं. ते किंवा विहिरीत सापडलेलं कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. वेळासच्या किनाऱ्यावर दिसणारं ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू तर समुद्राचंच. माझ्याकडे आहे ते आफ्रिकेतलं सुलकाटा, जमिनीवरचं. अशा परदेशी जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते, आणि कासव एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तर तेही कळवावं लागतं. देणाऱ्याकडे नोंद नसेल तर पुढचं काही वाचू नका, तिथूनच परत फिरा.

कागद झाले की मनाची तयारी. आज तळहातावर मावणारं सुलकाटा पुढे चाळीस-पन्नास किलोचं होऊ शकतं आणि माणसाइतकं जगतं. खाली सांगतोय ती पेटी पहिल्या वर्ष-दोन वर्षांची. त्यानंतर अंगण, कुंपण आणि पक्की खोप लागणार. आमचं घर दापोली तालुक्यात, मागे परसू आहे, म्हणून मी हो म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत असतो तर नाही म्हटलं असतं.

आता पेटी. नवीन काही विकत घेऊ नका. माळ्यावर पडलेलं पुस्तकांचं जुनं कपाट पाठीवर आडवं टाका, मधल्या फळ्या काढा, झालं घर. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि फूटभर उंच भिंत एवढं पिल्लाला पुरतं. माशांची काचेची टाकी घरात असली तरी वापरू नका. कासवाला काच कळत नाही, ते दिवसभर तिच्यावर पाय घासत राहतं. मेस्त्रींना बोलावलंच तर दोनच कामं सांगा: बाहेर आलेले खिळे काढणं आणि सांधे सिलिकॉनने भरणं. सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उन्हात ठेवा. आत जाड ताडपत्रीचं अस्तर कडांपर्यंत नीट बसवा, नाहीतर एका पावसाळ्यात प्लायवूड फुगून पापुद्रे सुटतील. वर पूर्ण झाकण नको, जाळीची चौकट हवी, कारण मांजर आणि उंदीर दोन्ही येतात. पेटी टेबलावर ठेवून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा. आजी दुधाच्या कपाटाला करायची तेच, मुंग्यांसाठी. डास होऊ नयेत म्हणून वाट्यांतलं पाणी दोन दिवसांनी बदला.

खाली काय पसरायचं यात मी चुकलो होतो. घरचा पेंढा फुकट, म्हणून तोच घातला. जुलैत आठवडाभरात त्यावर पांढरी बुरशी आली. भाताचा तूस नको, डोळ्यांत जातो. काजूची टरफलं तर अजिबात नकोत, त्यांच्या तेलाने कातडी भाजते. पुळणीतली वाळूही नको, ती खारी असते आणि पोटात साचते. नारळाच्या सोडणांचा भुसा किंवा कोकोपीट घ्या, पण दोन-तीन पाण्यांत धुऊन, कारण त्यातही मीठ असतं. त्यात निम्मी तांबडी माती मिसळा. माती हापूसच्या कलमाखालची घेऊ नका. बागेत फवारणी होते, आणि लवकर मोहोर यावा म्हणून बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ रोखणारं रसायन ओततात. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढी ओल. थर चार बोटांचा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा खुरप्याने खालीवर करा.

लपायला पडवीवरून उतरलेलं नळ्याचं कौल ठेवा, पिल्लाच्या मापाला अगदी बरोबर बसतं. कडा कानशीने घासून घ्या आणि कौलाखालची माती बाकीपेक्षा ओली ठेवा. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर ढाल सपाट न राहता उंचवटे येतात. कोकणची हवा पावसाळ्यात ही काळजी आपोआप घेते, डिसेंबर-जानेवारीत मात्र रोज पाणी शिंपडावं लागतं. कुंडीखालची मातीची ताटली पाण्याला, उथळ, मान बुडणार नाही अशी. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. खाणं वाढायला कडाप्प्याचा तुकडा, म्हणजे चोच आणि नखं झिजत राहतात.

आतापर्यंत जे वाचवलं ते सगळं आता उजेडावर घाला. कासवाला दोन दिवे लागतात. एक उबेचा, पेटीच्या एका टोकाला, आणि दुसरा यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांचा. यूव्हीबी मिळाला नाही तर शरीरात ड जीवनसत्त्व बनत नाही, खाल्लेलं कॅल्शियम हाडांत उतरत नाही आणि पाठ मऊ पडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य नावापुरताच असतो. खिडकीतून आलेल्या उन्हाने भागत नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. एलईडीत हे किरण नसतात. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी नळीच घ्या. यादीतली सगळ्यांत महाग वस्तू हीच. खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर टांगा आणि लावल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा. नळी पेटत राहते, पण तिच्यातले किरण कमी होत जातात. वर्षाने बदलायची. दोन्ही दिवे रोज बारा तास.

उबेच्या दिव्याला होल्डर चिनीमातीचाच. माझा प्लास्टिकचा होता, चौथ्या दिवशी जळका वास आला आणि पाहिलं तर एका बाजूने मऊ होऊन दिवा वाकला होता. पेटी तेव्हा रिकामी होती म्हणून बरं. दिवा साखळीने टांगा, नुसत्या वायरीवर नको, आणि वायर उंदरांपासून वाचवायला पाइपातून न्या. रात्री थंडी पडते तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतो, दापोलीच्या जानेवारीत तर नक्कीच.

आणि वीज जाण्याची तयारी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा इकडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. रबरी शेकपिशवी, दोन जुन्या चादरी आणि एक पुठ्ठ्याचा खोका पेटीजवळ कायम ठेवा.

खाण्याची सोय परसात होते. हरळी, म्हणजे दूर्वा, हेच मुख्य अन्न. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. पालक रोज नको, आंबा-केळं नकोच. कॅल्शियमसाठी किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस, माकुळाचं ते पांढरं हाड, दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, वाळवून पेटीत टाका. आमचं पिल्लू आधी त्याला नाकाने ढकलतं, मग कडेला तोंड लावून खरवडतं. शांत दुपारी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकू येतो.

हे सगळं कासव येण्याच्या आठवडाभर आधी चालू करा आणि रिकाम्या पेटीत तापमान मोजा. थर्मामीटर भिंतीला वर अडकवू नका. मी तसंच केलं होतं, तो ३४ दाखवत होता आणि खाली मातीवर २७ होतं. कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. दिव्याखाली ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२८, रात्री २४ च्या खाली नको. सकाळी, दुपारी, रात्री आकडे वहीत लिहा. सलग तीन दिवस जमले नाहीत तर दिवा वर-खाली करा आणि पुन्हा मोजा. याच आठवड्यात कासवांवर उपचार करणारा पशुवैद्य कुठे आहे ते फोन करून विचारून ठेवा. गुरांचे डॉक्टर गावात असतात, हा बहुधा पुण्या-मुंबईतच मिळतो.

पिल्लू आलं की आधी कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. मग पुसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, वहीत पहिल्या ओळीत लिहा आणि कौलासमोर सोडा. पहिले दोन दिवस ते बाहेर आलं नाही तरी कौल उचलून पाहू नका.