यम पाळायचे तर सुरुवात बांधापासून करा

सूर्यनमस्कार येतात, पहाटे उठता, हे धरून चालतो. पतंजलींनी योगसूत्रांत आसनावर सूत्रं दिली जेमतेम ३. यम (दुसऱ्याशी वागताना पाळायचे निर्बंध) आणि नियम (स्वतःला लावायची शिस्त) अष्टांगात, म्हणजे योगाच्या आठ अंगांत, त्याच्याही आधी येतात. तरी २१ जूनला सतरंजी झटकली की आपला योग संपतो.

आधी पाचांतला एकच यम धरा. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह, वर पाच नियम, असा दहाचा तक्ता भिंतीला डकवून रोज खुणा करायला सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. आपल्या मराठवाड्यात मी अस्तेयच, म्हणजे चोरी न करणं, घ्या म्हणतो. शेत, वीज आणि पाणी रोज त्याचीच परीक्षा बघतात.

मग आपलं नसलेलं काय काय वापरतो ते कागदावर लिहा. एक संध्याकाळ पुरे.

आता खरी मेख. माझंही घोडं बरेच दिवस इथंच अडलं होतं. ‘मी कुठं चोरी करतो?’ म्हणून माणूस मोकळा होतो. साधनपादातलं, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातलं, ३४वं सूत्र तसं सोडत नाही: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि नुसती मान डोलावलेलं, तिन्ही एकाच हिशेबात. नांगरटीला ट्रॅक्टरवाल्यानं बांधाकडं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घेतलं. तुम्ही सांगितलं नव्हतं, पण धुऱ्यावर उभे असून हटकलंही नाही. त्या तासाचं सोयाबीन मोंढ्यावर मात्र तुमच्याच पोत्यातून गेलं. कागदावर हे कुणीच लिहीत नाही.

दुसरी पळवाट सवलतीची. योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेतला, व्यासभाष्यातला, कोळी अहिंसेत अशीच सवलत घेतो; म्हणतो, मासे सोडून कुणाला मारणार नाही. आपलं म्हणणं, दुष्काळात सगळं चालतं. २०१६ ला लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी तहानलेल्यानं घागर भरली तर मी काही बोलणार नाही. पण नळाला मोटार लावून दुसरी टाकी भरणाऱ्यानं दुष्काळाचं नाव सांगू नये.

उपाय ३३व्या सूत्रात आहे, प्रतिपक्षभावन. ‘चांगले विचार करा’ असा त्याचा गुळमुळीत अर्थ सांगतात, तो सोडा. त्या कृतीतून पुढं किती दुःख उगवणार ते डोळ्यापुढं आणायचं: भाऊबंदकी, तहसीलच्या खेपा, बोलणं बंद झालेली दोन घरं. आणि हे रात्री ध्यानात बसून नाही, ट्रॅक्टर वळायच्या आत. ‘बांधापासून हातभर सोडून धर,’ एवढं ड्रायव्हरला मोठ्यानं सांगा.

एक ताकीद: चार दिवस जमलं म्हणून दुसऱ्याचे बांध बघत हिंडू नका. त्यातून भांडणंच होतात.

बाकीचे यम हळूहळू याच वाटेनं घ्या.

बांध आधीच कोरला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, खुणा रोवताना शेजाऱ्याला उभं करा. फी अर्धी-अर्धी करायची का, असं हमखास विचारतात. कोरला तुम्ही, फी तुमची.