शाडूचं सारनाथ सिंहशीर्ष: चौथा सिंह विसरू नका

राजमुद्रेत तीनच सिंह दिसतात, म्हणून 15 ऑगस्टच्या प्रदर्शनात तीन सिंहांचीच प्रतिकृती मांडलेली दिसते. सारनाथचं अशोककालीन शिल्प मात्र चौमुखी आहे. त्याखाली उलट्या कमळाची घंटा आहे, ती राजमुद्रेत घेतलेली नाही. इथली कृती मूळ शिल्पाची, 30 सेंमी उंचीची. मूळ साधारण 2.1 मीटर आहे, म्हणजे सातास एक.

शाडू 5 किलो लागतो. कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प इथल्या कुंभारांकडे चौकशी करा, पण गणपतीची घाई सुरू व्हायच्या आधी. नंतर कुणाला बोलायलाही सवड नसते. माती रात्रभर भिजवा, मूठभर बारीक कातरलेला काथ्या घाला आणि हाताला चिकटायची थांबेपर्यंत मळा.

घंटा 9 सेंमी, तिच्यावर सिंहांच्या पायाखालची गोल चौकी 5, सिंह 16. घंटा आतून पोकळ ठेवा.

खरी कसोटी चौकीची. व्यास 12.5 सेंमी धरला की घेर 39 येतो. तेवढ्या लांबीची कागदाची पट्टी तीनदा दुमडून गुंडाळा, आठ भाग मिळतात: चार चक्रं, मधे चार प्राणी. चक्र बरोबर सिंहाच्या खाली यायला हवं. समोरच्या चक्राच्या डावीकडे घोडा, उजवीकडे बैल. बैलापुढे हत्ती, मग सिंह. चक्राचे आरे 24. कंपास त्रिज्येएवढाच ठेवून परिघाचे 6 भाग करा, मग निम्मे करत 12 आणि 24. आरे वळून चिकटवू नका, मधोमध नुसता लगदा होतो. माती घट्टसर झाली की आऱ्यांमधली जागा कोरून काढा.

सिंह चार वेगळे करून जोडले की पाठीत फट पडते. एकच चौकोनी ठोकळा घ्या, माथ्यावर फुली मारा आणि चारही बाजूंनी कोरा. तोंडं उघडी, पण चेहरा शांत. मूळ शिल्पात माथ्यावर 32 आऱ्यांचं धर्मचक्र होतं, पण त्याचे तुकडेच सापडले. ते करू नका.

तिन्ही भाग सारखेच ओले असताना जोडा. सांध्यावर चरे पाडून पातळ शाडू लावा. एक भाग आधी सुकला की आकसतो आणि सांधा उघडतो. पावसाळ्यात सुकायला आठवडा तरी धरा. घाईनं पंख्याखाली ठेवलं की बाहेरची माती आधी आवळते, आतली ओलीच राहते, आणि तडा बहुधा सिंहाच्या पायात जातो. पहिले दोन दिवस ओलसर फडक्याखाली ठेवा.

नख रुतेल पण बोट रुतणार नाही, अशा वेळी गुळगुळीत गोट्यानं घासा. चुनारच्या दगडावरच्या झिलईची थोडी झाक येते. सोनेरी रंग फासलात तर कोरीवकाम सगळं बुजतं.

राजमुद्राच करायची असेल तर खाली ‘सत्यमेव जयते’ हवंच. आणि ती मंडळाच्या पावतीवर किंवा दुकानाच्या पाटीवर छापू नका. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्धचा 2005 चा कायदा आड येतो.