कौटुंबिक न्यायालयात समाधानाची वकिली कशी उभी करावी

सनद हाती आहे, अखिल भारतीय बार परीक्षा झाली आहे आणि एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी चालू आहे, असे मी धरून चालते. कौटुंबिक खटल्यांची ही शाखा निवडणाऱ्यांना सहसा दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे ही कामे सोपी असतात, आणि दुसरा म्हणजे अशिलाचा विश्वास मिळवायचा तर पहिल्याच नोटिशीत समोरच्याला घाम फोडावा. असे सल्ले देणाऱ्यांनी कौटुंबिक न्यायालयात फारसे दिवस काढलेले नसतात. जहाल नोटिशीने अशील खूश होतो खरा, पण त्यातल्या आरोपांना उत्तर म्हणून तितकेच जहाल आरोप येतात आणि तडजोडीची शक्यता दोन वर्षे लांबते. पैसा भांडणातूनही मिळतो. समाधान मात्र एकदा बंद झालेली फाईल पुन्हा उघडावी लागत नाही तेव्हाच मिळते.

कायद्यांची ओळख पहिल्या वर्षातच करून घ्यावी. हिंदू विवाह कायदा, 1955 एवढ्यावर भागत नाही. विशेष विवाह कायदा 1954 चा, मुस्लिम विवाहविच्छेद कायदा 1939 चा, पारशी विवाह कायदा 1936 चा आणि ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला घटस्फोट कायदा 1869 चा आहे. यांपैकी कोणता लागू होतो हे याचिका लिहिण्याआधी विवाह नोंदणीचा दाखला पाहून ठरवावे. सावंतवाडी-कुडाळकडच्या वकिलांनी गोव्याचा कायदाही वाचावा, कारण तेथे विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते.

कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 नुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. परवानगी बहुधा मिळते, पण विवाह समुपदेशकांसमोर अशिलाला स्वतःच बोलावे लागते, म्हणून तेथे काय विचारले जाईल याची कल्पना त्याला आधीच द्यावी. पोटगीच्या अर्जासोबत उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 सालच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून त्यात पळवाट उरलेली नाही. फी टप्प्यांनुसार ठरवावी, लेखी ठरवावी आणि पोटगीच्या रकमेतील टक्केवारी कधीही मागू नये. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे.

आता सहमतीच्या अटींचा, म्हणजे दोन्ही पक्षांत ठरलेल्या तडजोडीच्या अटींचा, मसुदा. मी सुरुवातीची काही वर्षे इथेच अडखळत होते, आणि आजही कनिष्ठ वकिलांना सर्वांत जास्त मी याच टप्प्यावर बोलते. दोन्ही पक्ष थकून सहमतीला आलेले असतात, सगळ्यांना घाई असते, आणि टायपिस्टच्या संगणकात जुना मसुदा तयार असतो. तो मसुदा घेऊ नये, असे मी ठामपणे सांगते. त्यात हटकून एक वाक्य असते: ‘वडिलांना मुलास भेटण्याची मुभा राहील.’ या वाक्याची अंमलबजावणी कोणतेही न्यायालय कशी करणार? त्याऐवजी असे लिहावे: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी 10 वाजता वडील मुलास आईच्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी घेतील व रविवारी सायंकाळी 6 वाजता तेथेच सोडतील, मूल आजारी असल्यास आई आदल्या दिवशी कळवील आणि तो वार पुढच्या आठवड्यात भरून दिला जाईल.’ दिवाळीची सुट्टी कोणत्या वर्षी कोणाकडे, उन्हाळी सुट्टीचे वाटप कसे, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, पारपत्राच्या अर्जावर दुसऱ्या पालकाची सही किती दिवसांत मिळणार, हे सगळे अटींत आले पाहिजे. ‘एवढे कशाला लिहिता, आमचे तेवढे समजुतीने होईल,’ असे अशील म्हणतो. समजूत उरली असती तर तो आपल्याकडे आला नसता, हे मनात ठेवून लिहीत राहावे. मुलाची पोटगी सोडून देणारी अट आईने कितीही आग्रह धरला तरी घालू नये, कारण तो हक्क मुलाचा आहे आणि आईच्या सहीने तो बुडत नाही.

पैशाच्या अटींत क्रमाला महत्त्व आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खालील, म्हणजे परस्परसंमतीच्या घटस्फोटातील, संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते आणि तोवर ती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सुरेष्टा देवी प्रकरणात 1991 मध्येच स्पष्ट झाले आहे. पत्नीने सगळी प्रकरणे आधीच मागे घेतली आणि नंतर पतीने संमती फिरवली, किंवा पतीने पूर्ण रक्कम आधीच दिली आणि पत्नी दुसऱ्या तारखेला आलीच नाही, असे दोन्ही प्रकार होतात. म्हणून रकमेचा काही भाग याचिका दाखल करताना, काही भाग फौजदारी प्रकरण रद्द होताना आणि उरलेली रक्कम अंतिम जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने), अशी विभागणी करावी. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 498-अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचे कलम 85 (पती वा सासरच्यांकडून विवाहितेचा छळ), लावलेले असेल तर पक्षांच्या सह्यांनी ते मिटत नाही. ते रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तेथे प्रतिज्ञापत्र देण्याची जबाबदारी कोणाची व किती दिवसांत, हेही अटींत लिहावे. संमतीच्या याचिकेनंतर हुकूमनाम्याआधी थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत शिथिल करता येते असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने ठरवले असले, तरी ‘वकीलसाहेब, महिन्यात मोकळे करा’ म्हणणाऱ्या अशिलाला तारखेची हमी देऊ नये.

फ्लॅटच्या बाबतीत भलेभले वकील फसतात. तडजोडीच्या हुकूमनाम्यात याचिकेचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता आली तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 खाली नोंदणीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून फ्लॅटचे पूर्ण वर्णन मूळ याचिकेतच द्यावे. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. बँक आपल्या याचिकेत पक्षकार नसते. ‘यापुढचे हप्ते पती भरील’ असे लिहिल्याने पत्नी सहकर्जदार म्हणून मुक्त होत नाही आणि हप्ते थकले की वसुलीचा फोन तिलाच येतो. कर्ज एका नावावर करून घेण्याची मुदत आणि ती चुकल्यास काय, ही दोन वाक्ये नसलेल्या मसुद्यावर मी अशिलाला सही करू देत नाही.

मसुदा तयार झाला की तो मराठीत अशिलाला वाचून दाखवावा, याचिका इंग्रजीत असली तरीही. वाचताना अशील ज्या ओळीवर गप्प होतो ती ओळ पुन्हा वाचावी. न पटलेली अट बहुधा तीच असते आणि पुढे मोडते तीही तीच.

हुकूमनाम्यानंतर प्रमाणित प्रती दोन्ही पक्षांना मिळाल्याची खात्री करून घ्यावी. अटींतील सर्व तारखांचा एक पानी तक्ता अशिलाला द्यावा आणि त्याची प्रत आपल्या डायरीत लावावी. शेवटचा हप्ता जमा होऊन कर्जाच्या खात्यावरचे नाव बदलल्याचे बँकेचे पत्र हाती येईपर्यंत ती फाईल कपाटात खाली टाकू नये.